भरल्या ताटातली रिकामी वाटी

‘पायांखाली गादी अंथरल्यासारखी वाटते’ अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचा असतो. तळपायांना मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो. घरचे म्हणतात वय झाले, शेजारी म्हणतात मणक्यात गॅप आली असेल. कमरेचा एमआरआय होतो, पट्टा लावून होतो, मालिश होते. मग कुणीतरी डॉक्टर जीभ बघायला सांगतात. ती गुळगुळीत, लालभडक झालेली असते. बोटांच्या पेरांवर काळपटपणा आलेला असतो. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व शंभराच्या खाली निघते. ते मिलिलिटरमागे दोनशे पिकोग्रॅमच्या वर तरी असायला हवे.

अहवाल हातात आल्यावरचा प्रश्न ठरलेला असतो. ‘आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. पोळी-भाजी, वरण-भात, कोशिंबीर, ताक. इतके सात्त्विक खाऊन आम्हालाच का?’

प्रश्नात तक्रार असली तरी त्यामागची समजूत चुकीची नाही. शाकाहाराचे फायदे खरे आहेत आणि ते मोजलेले आहेत. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ४८ हजार लोकांचा १८ वर्षे पाठपुरावा केला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. मांसाहारी लोकांच्या तुलनेत शाकाहारी लोकांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार २२ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिकेत सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथातले बरेच लोक धार्मिक कारणाने मांस वर्ज्य करतात. त्यांच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण मांसाहारींत ७.६ टक्के होते, तर दूधही न घेणाऱ्या वीगन गटात २.९ टक्के. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, बद्धकोष्ठता या सगळ्याच बाबतीत भरपूर भाज्या, डाळी, फळे खाणाऱ्याचे पारडे जड असते. चोथा जास्त, पोटॅशियम जास्त, संपृक्त स्निग्धांश कमी, असा त्याचा साधा हिशेब आहे.

पण त्याच ब्रिटिश पाहणीचा दुसरा भाग व्हॉट्सॲपवर फारसा फिरत नाही. शाकाहारी गटात पक्षाघाताचे प्रमाण २० टक्क्यांनी जास्त निघाले. माणसांच्या भाषेत सांगायचे तर दहा वर्षांत हजारामागे हृदयविकाराचे दहा रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे तीन रुग्ण जास्त. सौदा एकंदरीत फायद्याचाच आहे, पण फुकट नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या निष्कर्षांत वीगन लोकांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण दुपटीहून जास्त दिसले. कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडणे, वजन फार कमी असणे ही त्यामागची संभाव्य कारणे. पक्षाघाताच्या बाबतीत संशयितांच्या यादीत एक नाव बी-१२ चे आहे. ते कमी झाले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साठते आणि रक्तवाहिन्यांना ते मानवत नाही.

आणखी एक भान ठेवायला हवे. त्या पाहण्यांतला शाकाहारी माणूस विचारपूर्वक मांस सोडलेला असतो. तो सिगारेट कमी ओढतो, व्यायाम जास्त करतो, पाकिटावरचे घटक वाचतो आणि त्याच्या न्याहारीच्या सीरिअलमध्ये जीवनसत्त्वे कारखान्यातच मिसळलेली असतात. आपल्याकडचा शाकाहारी जन्माने शाकाहारी असतो. वडापाव, फरसाण, साबुदाण्याची खिचडी, श्रीखंड-पुरी आणि तीन वेळचा साखरेचा चहा हा सगळा शाकाहारच आहे. तिकडचे २२ टक्के उचलून इकडच्या ताटात वाढता येत नाहीत.

आता त्या रिकाम्या वाटीकडे वळू. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही, कारण तिला त्याची गरजच नसते. ते कोणताही प्राणीही तयार करत नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या चारा खातात आणि त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे जिवाणू त्यांना बी-१२ करून देतात. तेच त्यांच्या मांसात, यकृतात आणि दुधात उतरते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू असतात, पण ते शोषून घेण्याची जागा त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आहे. माल तयार होतो तो दुकान मागे टाकून पुढे आल्यावर. त्यामुळे तो शौचावाटे निघून जातो.

लहान आतड्यात ते शोषले जाण्यासाठी जठराने बनवलेले ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचे एक प्रथिन लागते. हे वाहन लहान आहे. एका जेवणातून जेमतेम दीड ते दोन मायक्रोग्रॅम बी-१२ त्यातून वाहून नेले जाते. सुदैवाने प्रौढ माणसाची रोजची गरजही दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच आहे. शिवाय यकृतात काही मिलिग्रॅमचा साठा असतो. म्हणून दूध-अंडी-मांस सगळे बंद केले तरी कमतरता उघड व्हायला दोन ते पाच वर्षे जातात. इतक्या दिवसांपूर्वी बदललेल्या आहाराचा आजच्या मुंग्यांशी संबंध असेल, हे रुग्णाच्या ध्यानात येत नाही. पुष्कळदा डॉक्टरांच्याही येत नाही.

दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्याला मग भीती नसावी, असे वाटते. कागदावर ते बरोबर आहे. एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून पाऊण ते एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळू शकते. पण मध्यमवर्गीय घरातल्या मोठ्या माणसांच्या पोटात दूध जाते ते चहापुरते. ते पुन्हा पुन्हा उकळलेले असते आणि उकळण्यात बी-१२ चा काही भाग नष्ट होतो. ताक म्हणजे वाटीभर दह्यात तांब्याभर पाणी. आणि ज्या तुपावर आपली सगळी भिस्त, त्या साजूक तुपात बी-१२ जवळजवळ नसतेच. ते दुधाच्या पाणीदार भागात असते, स्निग्धांशात नाही. साय काढलेल्या दुधाने या बाबतीत काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात हे चित्र किती मोठे आहे, याचे पुरावे पुण्यातून आले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातले खेड्यातले, झोपडवस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी होते. मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. वरचेवर मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांना ही कमतरता असण्याचा धोका चौपटीहून अधिक होता.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. ६७ टक्क्यांत सगळेच शाकाहारी नव्हते. आपल्याकडे ‘आम्ही खातो’ म्हणणाऱ्या घरांतही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळलेले असतात, श्रावण असतो, नवरात्र असते. माळ घातलेल्या वारकऱ्याच्या घरात तर वर्षभर काही शिजत नाही. महिन्यातून एका रविवारी पाव किलो मटण सहा जणांत आले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन फोडी आणि रस्सा. बाईच्या वाट्याला बहुधा रस्साच. अशा घराला मांसाहारी म्हणणे जनगणनेपुरते ठीक आहे. किनारपट्टीवर रोज बांगडा, तारली खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. या माशांत बी-१२ भरपूर असते.

‘आमचे आजी-आजोबा आयुष्यभर शाकाहारी होते, त्यांना कुठे गोळ्या लागल्या?’ हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. त्याचे पहिले उत्तर असे की तेव्हा तपासणी नव्हती. आजीला मुंग्या येत होत्या, तिची जीभ सोलवटत होती, आजोबा शेवटी शेवटी विसरभोळे झाले होते आणि काठीशिवाय चालत नव्हते. त्याला वात म्हणत, म्हातारपण म्हणत. त्यातले किती बी-१२ मुळे होते, हे आता कळायला मार्ग नाही. दुसरे म्हणजे पुष्कळ घरांत दुभते जनावर होते. तिसरे कारण थोडे अवघड वाटेल. विहिरीचे, नदीचे पाणी आणि माती लागलेल्या भाज्या यांतून जिवाणूंनी बनवलेले थोडे बी-१२ पोटात जात असावे, असे काही संशोधकांचे मत आहे. म्हणून कुणी भाज्या न धुता खाऊ नयेत. त्या मातीतून बी-१२ मिळो न मिळो, जंत आणि कावीळ नक्की मिळते. चौथे कारण सगळ्यात महत्त्वाचे आणि ते औषधांच्या डब्यात आहे. त्याकडे पुढे येऊ.

या विषयाचा एक धागा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जातो. १९२८ मध्ये लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर भारतात आल्या. मुंबईतल्या गरीब गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होत असे आणि त्यात अनेक जणी दगावत. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी आकाराने मोठ्या दिसत. याच सुमारास अमेरिकेत असाच रक्तक्षय कच्चे यकृत खायला घालून बरा होऊ लागला होता. त्या शोधाला १९३४ चे नोबेल मिळाले. यकृतातला तो घटक म्हणजे बी-१२, हे मात्र १९४८ मध्ये कळले. विल्स यांनी मुंबईत यकृताऐवजी यीस्टचा स्वस्त अर्क वापरून पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. यीस्टमधला घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

फोलेट आणि बी-१२ हे जोडीने काम करतात. पेशीतले डीएनए तयार व्हायला दोन्ही लागतात. म्हणून दोहोंपैकी कशाचीही कमतरता झाली तरी रक्तक्षय सारखाच दिसतो. पालेभाज्या आणि डाळी खाणाऱ्या शाकाहाऱ्याला फोलेट बऱ्यापैकी मिळते. त्यामुळे बी-१२ संपत आले तरी हिमोग्लोबिन बऱ्याचदा ठीक राहते आणि ‘रक्त चांगले आहे’ असा निर्वाळा मिळतो. मज्जातंतूंवरचे आवरण टिकवण्याचे काम मात्र बी-१२ चे एकट्याचे आहे, ते फोलेटला जमत नाही. रक्त शाबूत आणि नसा झिजताहेत, अशी फसवी स्थिती त्यातून तयार होते. नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्तक्षय सुधारतो आणि खरा आजार आणखी आत लपतो.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत याचे वजन सगळ्यात जास्त आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी होते, तर फोलेटची कमतरता जवळपास कुणातच नव्हती. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली गेली. ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची वृत्ती, म्हणजे पुढच्या मधुमेहाची पायवाट, सर्वाधिक दिसली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासातून कार्यकारणाचा शेवटचा शब्द मिळत नाही, हे खरे. आणि यावरून कुणी सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोह-फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. गर्भाचा मज्जारज्जू नीट मिटण्यासाठी फोलिक ॲसिड लागतेच. प्रश्न त्या गोळीच्या शेजारी बी-१२ का नाही, हा आहे. शाकाहारी घरातल्या गरोदर बाईची बी-१२ ची तपासणी आजही सरसकट होत नाही.

आईकडेच साठा नसेल तर अंगावरच्या दुधात तो येणार कुठून? सहा महिने ते दीड वर्ष वयाचे, फक्त आईच्या दुधावर वाढलेले, दिसायला गुबगुबीत बाळ हळूहळू सुस्त होते. हसायचे ते हसेनासे होते, धरलेली मान पुन्हा टाकते. केस विरळ आणि भुरे होतात, हातापायांच्या पेरांवर काळेपणा येतो आणि मग थरथर सुरू होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात या आजाराचे वर्णन केले. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशाच बाळांतली बी-१२ ची कमतरता ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिली. बी-१२ दिल्यावर बाळ काही दिवसांतच पुन्हा डोळ्याला डोळा देऊ लागते. मेंदूची राहून गेलेली वाढ सगळी भरून निघेलच, याची मात्र हमी नसते. अशा बाळाच्या आईने अंगावर पाजणे थांबवायचे नसते. उपचार दोघांनाही द्यायचे असतात.

औषधांचा डबा उघडू. मधुमेहाची सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. ती चांगली, स्वस्त आणि सुरक्षित आहे, पण वर्षानुवर्षे घेतल्यास आतड्यातले बी-१२ चे शोषण कमी करते. दुसरी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ही गोळी लोक पंधरा वर्षे घेतात. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते, आणि ही गोळी तेच आम्ल बंद करते. शाकाहारी, साठीचा, मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी दोन्ही घेणारा माणूस महाराष्ट्रातल्या कोणत्याही सोसायटीत प्रत्येक मजल्यावर सापडेल. त्याच्या पायांना मुंग्या आल्या की त्या ‘शुगरमुळे’ असे गृहीत धरले जाते. असतीलही. पण बी-१२ न तपासता तसे म्हणणे बरे नव्हे, कारण मधुमेहाने झिजलेल्या नसा सहसा परत येत नाहीत आणि बी-१२ ने झिजलेल्या, वेळीच गाठल्या तर, येतात.

वीगन आहाराकडे वळलेल्या तरुण मुलामुलींची संख्या मुंबई-पुण्यात वाढते आहे. प्राण्यांविषयीच्या कळवळ्यातून दूध सोडणे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण त्यांच्या ताटात बी-१२ चा एकही नैसर्गिक स्रोत उरत नाही, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे. स्पिरुलिनात जे सापडते ते बरेचसे माणसाला न चालणारे, बी-१२ सारखे दिसणारे द्रव्य असते. इडली-डोशाच्या आंबण्यावरही विसंबता येत नाही. सोयादूध किंवा बदामदुधात बी-१२ मिसळले आहे का, ते पाकिटावर वाचावे लागते. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा आपल्याकडे आहेत. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी. बी-१२ साठी मात्र गोळीच.

बाकीच्या उणिवा स्वयंपाकघरातच भरून काढता येतात. प्रथिनांसाठी वरणातले पाणी कमी आणि डाळ जास्त करावी. भाताच्या डोंगरावर चमचाभर पातळ वरण हे प्रथिनांचे जेवण नव्हे. धान्यातल्या आणि डाळीतल्या लोहाला तिथलीच फायटेट नावाची द्रव्ये धरून ठेवतात. मोड आणणे, आंबवणे, उसळीवर लिंबू पिळणे यांनी ते लोह सुटे होते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते पुन्हा अडवतो. आजीच्या पद्धती इथे पूर्ण बरोबर होत्या, चहा सोडून.

उपचाराबद्दल. ज्यांना लक्षणे नाहीत अशा शाकाहारी प्रौढांनी रोज एक-दोन पेले दूध किंवा तेवढे दही घेतले तर पुष्कळ फरक पडतो. ते होत नसेल, आणि वीगन व्यक्तींनी तर नेमाने, रोज १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घेणे पुरते. मोठ्या मात्रेतला साधारण एक टक्का भाग त्या ‘वाहना’शिवायही शोषला जातो, त्यामुळे इंजेक्शनच हवे असे नाही. नसांची लक्षणे असतील तर मात्र सुरुवात इंजेक्शननेच व्हावी. गोळीतले बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडूनच तयार करून घेतात, त्यात प्राण्याचा अंश नसतो. कॅप्सूलचे आवरण मात्र बहुधा जिलेटिनचे असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी गोळी मागावी.

हिमोग्लोबिन सहा ते आठ आठवड्यांत जागेवर येते. नसांना सहा महिने ते वर्ष लागते आणि मधल्या काळात मुंग्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटतात. पाच इंजेक्शने घेऊन थांबणारे रुग्ण दोन वर्षांनी पुन्हा त्याच तक्रारीसह येतात, कारण ताट बदललेले नसते. आणि इंजेक्शन घेतल्यावर चार दिवसांनी ‘आता किती झाले’ म्हणून तपासणी करू नये. तेव्हा आकडा हजाराच्या पुढे दिसतो आणि त्यावरून काहीच कळत नाही.